दवाखान्याचा परवाना नक्की कशाचा? धनजहून आलेला एक प्रश्न आणि पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे, फक्त "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत.)



आजचा भाग एका मेसेजमुळे झाला. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातल्या धनजच्या एका ताईंनी लिहिलं होतं. त्या बीएएमएस झाल्या, इंटर्नशिप संपली, दोन वर्षं दुसऱ्यांच्या हॉस्पिटलमधे काम केलं आणि आता गावातच दवाखाना काढायचा आहे. एक खोली, बाहेर बाकडं, आत टेबल आणि तपासणीचा पलंग. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. "दादा, दवाखान्याचा परवाना कुठून काढायचा? कुणी म्हणतं ग्रामपंचायत, कुणी म्हणतं शॉप अ‍ॅक्ट, कुणी म्हणतं जिल्हा परिषद, कुणी म्हणतं काहीच लागत नाही. एक माणूस म्हणाला, मी पाच हजारांत सगळं करून देतो."

आणि शेवटी एक ओळ होती, ती माझ्या डोक्यातून जाईना. "आमच्या भागात एकजण कित्येक वर्षांपासून सुया देतो. त्याच्या भिंतीवर एकही कागद नाही. त्याला कुणी काही विचारत नाही. मी कागद घेऊन फिरते तर मलाच सगळे विचारतात. असं का?"

आता हा कायद्याचा पॉडकास्ट नाही, इतिहासाचा आहे. पण या "असं का"चं उत्तर इतिहासातच आहे. महाराष्ट्रात दवाखाना उघडण्याचे नियम कुणी एकदा बसून ठरवले नाहीत. दर वीस-तीस वर्षांनी काहीतरी घडलं, ओरड झाली आणि एक कायदा आला. प्रत्येक कायद्याने एकेक गोष्ट पकडली. एकाने डॉक्टर पकडला, एकाने खाट, एकाने मशीन, एकाने कचरा. या सगळ्यात एक गोष्ट मात्र सुटून गेली. ती कोणती, ते बघू.

पाटी लावली की झालं

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ साली. पहिली तुकडी बाहेर पडली १८५१ मधे. त्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. त्यांनी प्रॅक्टिस सुरू केली आणि भाऊ नारायण दाजींबरोबर गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. आता विचार करा, भाऊ दाजींनी परवाना कुणाकडून घेतला असेल? कुणाकडूनच नाही. देणारंच कुणी नव्हतं. कॉलेजचं प्रमाणपत्र होतं, पण ते शिक्षणाचं होतं. ते नसतं तरी कायद्याने त्यांना कुणी अडवलं नसतं.

त्या काळात डॉक्टर, वैद्य, हकीम, हाड बसवणारा, मोतीबिंदू काढणारा, सुईण हे सगळे एकाच रस्त्यावर बसू शकत होते. पाटी लावली की दवाखाना सुरू. लोक पारखून जायचे, एकमेकांना विचारून जायचे. हात गुणाचा आहे की नाही, एवढीच काय ती परीक्षा.

आपल्या वऱ्हाडात तर आणखी एक गंमत होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं, पण मालकी निजामाचीच राहिली. १९०२ मधे ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं आणि १९०३ मधे मध्य प्रांताला जोडलं. वाशिम जिल्हा तेव्हा होता, बरं का. इंग्रज त्याला बासिम म्हणायचे. १९०५ मधे तो मोडून बराचसा अकोल्यात घातला आणि पुन्हा वेगळा झाला थेट १ जुलै १९९८ ला. कारंजा त्या काळी मूर्तिजापूर तालुक्यात होतं. कापसाचा पैसा होता, जिनिंग होत्या, पुढे नॅरोगेज गाडी आली. पण डॉक्टर म्हणाल तर सरकारी दवाखाना मोठ्या गावी, आणि खेड्यात वैद्य.

१९१२: पहिली नोंदवही

इंग्लंडमधे डॉक्टरांची नोंदवही १८५८ च्या कायद्याने सुरू झाली. हिंदुस्थानात ती यायला अर्धशतक लागलं. पहिला नंबर मुंबई इलाख्याचा, १९१२ चा मुंबई वैद्यक कायदा. १९१४ मधे बंगाल आणि मद्रास. मध्य प्रांताचा कायदा १९१६ चा.

इथे थांबून एक बारकावा समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. या कायद्यांनी नोंद नसलेल्या माणसाला प्रॅक्टिस करायला बंदी घातली नाही. त्यांनी फक्त एक नोंदवही उघडली. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या माणसाने त्यात नाव घालायचं. नाव असलं की मृत्यूचा दाखला, आजारपणाचा दाखला सही करून देता येतो, सरकारी नोकरी मिळते. गैरवर्तन केलं तर नाव कापलं जातं. आणि नाव नसलं तर? तर वरचे फायदे नाहीत. दवाखाना खुशाल चालवा.

त्याच १९१६ मधे केंद्राने वैद्यकीय पदव्यांचा वेगळा कायदा केला. तेव्हा खासगी संस्था मनाला येईल त्या पदव्या वाटत होत्या. नावापुढे अक्षरं लावायला अधिकार लागतो, हे त्या कायद्याने सांगितलं.

नागपूरला १९१४ मधे रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं, चीफ कमिशनर बेंजामिन रॉबर्टसन यांच्या नावाचं. तिथून एलएमपी होऊन डॉक्टर बाहेर पडायचे. एलएमपी म्हणजे पदवी नव्हे, परवानाधारक. शिक्षण थोडं कमी वर्षांचं. विदर्भातल्या जुन्या घरांत "आमचे आजोबा एलएमपी होते" हे वाक्य अजून ऐकायला मिळतं. १९४६ मधे भोर समितीने सांगितलं की डॉक्टर एकाच दर्जाचे, पूर्ण पदवीचे हवेत, हे कमी मुदतीचे अभ्यासक्रम बंद करा. १९४७ मधे नागपूरला मेडिकल कॉलेज झालं. शहराच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण पदवीधर खेड्यात यायला तयार नव्हते, आणि एलएमपीने जी जागा भरली असती ती रिकामीच राहिली. रिकामी जागा कुणीतरी भरतंच.

वैद्यांचं काय करायचं?

१९३७ मधे मुंबई इलाख्यात काँग्रेसचं पहिलं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर पंतप्रधान. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. आरोग्यमंत्री होते डॉ. एम. डी. डी. गिल्डर, स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. पुढे आगाखान पॅलेसमधे गांधीजींची प्रकृती बघणारे तेच.

गिल्डर स्वतः अ‍ॅलोपॅथीचे. पण त्यांच्याच काळात १९३८ चा मुंबई वैद्यक व्यवसायी कायदा झाला आणि आयुर्वेद, युनानीच्या मंडळींची नोंदवही सरकारने उघडली. शिकलेल्या वैद्यांची एक नोंदवही, आणि ज्यांच्याकडे पदविका नाही पण वर्षानुवर्षं प्रॅक्टिस आहे अशांची वेगळी यादी. याच कायद्यात एक नवी कल्पना आली: नोंदवहीत किंवा यादीत नाव नसेल तर प्रॅक्टिस करायची नाही. १९१२ पासून जी बंदी नव्हती, ती इथे आली.

वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं, त्यामुळे हे आपल्याकडे लागू नव्हतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा आयुर्वेद-युनानी व्यवसायींचा कायदा १९४७ चा. मग १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि सरकारच्या लक्षात आलं की एकाच राज्यात तीन प्रकारच्या नोंदवह्या चालू आहेत: मुंबईची वेगळी, वऱ्हाडची वेगळी, मराठवाड्यात हैदराबादची वेगळी.

म्हणून दोन कायदे झाले. आयुर्वेद-युनानीसाठी १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, आणि अ‍ॅलोपॅथीसाठी १९६५ चा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा कायदा. होमिओपॅथीचा वेगळा कायदा त्याआधीच झाला होता.

१९६१ च्या कायद्यातलं कलम ३३ लक्षात ठेवा. पेपरात "बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल" अशी बातमी येते ना, त्यात बहुतेक वेळा हेच कलम असतं. कोणत्याही नोंदवहीत नाव नसताना प्रॅक्टिस केली तर तुरुंगवास आणि दंड.

जाता जाता "आरएमपी" या शब्दाबद्दल. गावाकडे पाटीवर नावापुढे आरएमपी लिहिलेलं दिसतं आणि लोकांना ती एमबीबीएससारखी डिग्री वाटते. आरएमपी म्हणजे नुसतं "नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी". ती पदवी नाही, नोंदवहीत नाव आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि कित्येक पाट्यांवर आरएमपी असतं, पण नाव कुठल्याच नोंदवहीत नसतं.

१९४९: खाट मोजायला सुरुवात

आता दुसरा टप्पा. स्वातंत्र्यानंतर मुंबईत खासगी प्रसूतिगृहं आणि नर्सिंग होम वाढत होती. १९४९ मधे मुंबई सुश्रूषागृह नोंदणी कायदा आला, आपण ज्याला बोलताना "नर्सिंग होम अ‍ॅक्ट" म्हणतो तो. आरोग्यमंत्री पुन्हा गिल्डरच.

या कायद्यात पहिल्यांदा डॉक्टर सोडून जागेकडे बघितलं गेलं. आजारी माणसाला दाखल करून घेऊन उपचार आणि सुश्रूषा होते अशी जागा, प्रसूतिगृहासकट, नोंदली पाहिजे. मग नर्स किती, स्वच्छता कशी, नोंदी ठेवता की नाही हे बघता येईल.

कायदा चांगला होता. पण बराच काळ तो मोजक्या मोठ्या शहरांपुरताच राहिला, आणि तिथेही कागदावर जास्त. १९९० च्या सुमारास मुंबईतल्या एका महिलेने नर्सिंग होममधे घरातला माणूस गमावल्यावर उच्च न्यायालयात धाव घेतली. तिचं म्हणणं एवढंच होतं की हा कायदा पाळला जातो का ते बघा. न्यायालयाच्या आदेशावरून समिती नेमली गेली, आणि राहत्या इमारतींतल्या फ्लॅटमधे, पुरेशी जागा आणि पुरेशा प्रशिक्षित नर्स नसताना चाललेली नर्सिंग होम समोर आली. कायदा चाळीस वर्षांचा झाला होता. तो लागू करा म्हणायला एका कुटुंबाला इतकी किंमत मोजावी लागली.

२००५ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा राज्यभर आला. नोंदणी तीन वर्षांची झाली. जानेवारी २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरांचा तक्ता दर्शनी जागी लावणं बंधनकारक झालं.

पण हा कायदा दाखल करून घेणाऱ्या जागेचा आहे. खाट नाही, तर नोंदणी नाही. धनजच्या ताईंची एक खोली आणि तपासणीचा पलंग? पेशंट येणार, दाखवणार, औषध घेऊन घरी जाणार. हे नर्सिंग होम नाही. म्हणजे हा कायदाही त्यांच्या दारावरून पुढे निघून जातो.

मग ती खोली कुणाची?

कुणीतरी म्हणेल, अहो शॉप अ‍ॅक्ट आहे की. गुमास्ता लायसन्स! त्याचीही गोष्ट आहे.

१९४८ चा दुकाने आणि आस्थापना कायदा मुंबई राज्याचा, पुढे गुजरातमधेही तोच चालला. तिथल्या एका डॉक्टरांवर दवाखान्यात कामगारांचं रजिस्टर नीट ठेवलं नाही म्हणून खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६८ मधे न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरचा खासगी दवाखाना म्हणजे "व्यापारी आस्थापना" नव्हे. डॉक्टर स्वतःच्या विद्येवर आणि कौशल्यावर काम करतो, तो दुकान चालवत नाही.

डॉक्टर मंडळींना हा निकाल आवडला, साहजिक आहे. आपण दुकानदार नाही याला सर्वोच्च न्यायालयाची मोहोर. पण याचा अर्थ असाही झाला की दवाखान्याची खोली दुकान नाही आणि हॉस्पिटलही नाही. ती मधेच लटकली. पुढे राज्याचा २०१७ चा नवा कायदा आला. त्याने डॉक्टरांचे दवाखाने नाव घेऊन आस्थापनेत धरले. पण थोडीच माणसं कामाला असतील तर नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. आणि तो कायदा कामगारांच्या हक्कांचा आहे. आत इंजेक्शन कोण देतं आणि सुई नवी आहे का, हे तो विचारत नाही.

औषधांचंही तसंच. आपल्या लहानपणी दवाखान्यात कंपाउंडर असायचा. गुलाबी मिक्स्चरची बाटली, तिला कागदाची कातरलेली पट्टी, एका खाचेला एक डोस. हे औषध विकायला डॉक्टरला मेडिकल स्टोअरचं लायसन्स का लागत नव्हतं? कारण औषध नियमांच्या अनुसूची 'के'मधे सूट आहे: डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देत असेल आणि उघडं दुकान मांडून कुणालाही विकत नसेल, तर परवाना नको. खेड्यात औषधाचं दुकान नव्हतं, तेव्हा ही सूट नसती तर लोक औषधाशिवाय मेले असते. सूट अजून आहे. आणि नोंद नसलेला माणूस याच सवयीचा फायदा घेतो, कारण दवाखान्यातच गोळ्या मिळणं आपल्याला नवीन नाही.

मशीन आणि कचरा

पुढचे कायदे आणखी बारीक गोष्टींचे.

गर्भलिंगनिदान थांबवायचा पहिला कायदा देशात महाराष्ट्राने केला, १९८८ मधे. मुंबईतल्या स्त्री संघटना आणि कार्यकर्त्यांनी तो लावून धरला. १९९४ मधे केंद्राचा आला, १९९६ पासून अमलात. त्यात सोनोग्राफीचं मशीन आणि केंद्र नोंदवावं लागतं, प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म भरावा लागतो.

कचऱ्याचे नियम आले १९९८ मधे. गंमत बघा, महिन्याला हजारापेक्षा कमी पेशंट असतील तर त्या नियमांत प्राधिकारपत्र लागत नव्हतं. म्हणजे खेड्यातला दवाखाना पुन्हा बाहेर. वापरलेल्या सुया उकिरड्यावर, मागच्या नालीत, कुठेही. २०१६ च्या नियमांनी ही सूट काढली. आता एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. खाटा नसतील तर ते एकदाच घ्यायचं. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी, आणि कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राशी करार.

म्हणजे लक्षात आलं का? आज महाराष्ट्रात एका खोलीच्या दवाखान्याची दवाखाना म्हणून सरकारच्या दप्तरी जी पक्की नोंद होते, ती त्याच्या कचऱ्याची.

ती सुटलेली गोष्ट

डॉक्टरची नोंद आहे. खाटेची आहे, मशीनची आहे, कचऱ्याची आहे. "इथे अमुक नावाचा दवाखाना आहे, त्यात अमुक माणूस बसतो, त्याला एवढं करता येतं" अशी खोलीची नोंद नाही. केंद्राने २०१० मधे क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला, त्यात ती आहे, एका डॉक्टरच्या दवाखान्यासकट. २०१२ मधे तो अरुणाचल, हिमाचल, मिझोराम, सिक्कीम आणि काही केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळे राज्याने स्वीकारला तरच लागू. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपला वेगळा कायदा करू म्हणून मसुदा झाला, डॉक्टर संघटनांनी विरोध केला, रुग्णहक्कवाल्यांनी पाठपुरावा केला, गाडी तिथेच.

डॉक्टरांचा विरोध अगदीच बिनबुडाचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्यांचं म्हणणं, मोठ्या हॉस्पिटलला जमतील असे निकष खेड्यातल्या एका खोलीला लावले तर ती खोली बंद पडेल, आणि इन्स्पेक्टरचा खिसा तेवढा भरेल. धनजच्या ताईंना पाच हजारांत "सगळं करून देतो" म्हणणारा माणूस आठवा. प्रत्येक नवीन कागदाबरोबर असा एक माणूस जन्माला येतो.

पण दुसरी बाजूही बघा. मार्च २०१७, सांगली जिल्ह्यातलं म्हैसाळ. एका तरुण विवाहितेचा गर्भपातानंतर मृत्यू झाला. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा पुरलेले १९ भ्रूण सापडले. होमिओपॅथीची पदवी असलेल्या माणसाचं हॉस्पिटल गावात उघडपणे चालू होतं. त्यानंतर राज्यभर तपासणी मोहीम निघाली. मोहीम निघते ती नेहमी अशी, कुणीतरी गेल्यावर.

पॅथीचा गुंता

बीएएमएस ताईंनी विचारलं नव्हतं, पण त्यांच्या कामाचं आहे म्हणून सांगतो.

१९९६ मधे मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने तापाच्या पेशंटला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली होती, पेशंट दगावला. न्यायालय म्हणालं, जी पद्धत शिकलात नाही, जिची नोंदणी नाही, ती वापरणं हाच मुळात निष्काळजीपणा. १९९८ च्या आणखी एका निकालात सांगितलं की आयुर्वेदाच्या डॉक्टरने आधुनिक औषधं द्यायची की नाही, हे राज्याचा कायदा परवानगी देतो का यावर ठरेल. महाराष्ट्राने नोंदणीकृत आयुर्वेद-युनानी पदवीधरांसाठी तसा आदेश १९९२ मधेच काढला होता. होमिओपॅथीसाठी २०१४ मधे कायदा दुरुस्त करून वर्षभराच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमाची अट घातली, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या.

म्हणजे महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या डॉक्टरला पॅरासिटामॉल लिहिता येतं, पण ते तिच्या नोंदणीच्या जोरावर. नोंदणी नाही तर काहीच नाही.

तर ताई, तुमचं उत्तर

पहिलं, तुमचा खरा परवाना तुमच्याकडे आहेच. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची तुमची नोंदणी. ती चालू ठेवा, नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, आणि प्रमाणपत्र फ्रेम करून पेशंटच्या नजरेसमोर लावा, तुमच्या पाठीमागे कोपऱ्यात नको. पाटीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक. "स्त्रीरोग, बालरोग, हृदयरोग" अशी रांग लावू नका.

दुसरं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि कचरा उचलण्याचा करार. तिसरं, शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार, आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेऊन ठेवलेला बरा. सलाइन लावून पेशंटला रात्री ठेवायचा विचार असेल, एक खाट का असेना, तर आधी नर्सिंग होमची नोंदणी, मग खाट. हा क्रम उलटा करू नका. आणि पाच हजारवाल्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्याला कुणी का विचारत नाही?

कारण १९१२ पासून आपला प्रत्येक कायदा एका नोंदवहीपासून सुरू होतो. नोंदवहीत ज्याचं नाव आहे, त्याला नोटीस पाठवता येते, नूतनीकरण मागता येतं, दंड करता येतो. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही तो सरकारला दिसतच नाही. तुम्ही कागद घेऊन गेलात म्हणून तुम्ही दिसता. जिल्ह्यात बोगस डॉक्टर शोधायला समिती असते, पण तीही बहुतेक वेळा तक्रार आल्यावर हलते. आणि तक्रार करणार कोण? त्याच्याकडे रात्री दोन वाजता दार वाजवलं तर तो उठतो. उधारीवर औषध देतो, पैसे कापूस विकल्यावर घेतो. सरकारी डॉक्टरची बदली होते, हा कुठे जात नाही. गावातली म्हातारी दवाखान्यातून येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारते, "सुई देल्ली का?" सुई दिली म्हणजे इलाज झाला. सुई कुणी दिली, हे ती विचारत नाही, कारण शंभर वर्षांत तिला कुणी ते विचारायला शिकवलंच नाही.

तो जी जागा भरतो ती खरी आहे, हे मान्य करा. एलएमपी बंद झाले तेव्हापासून ती रिकामीच होती. नुसता गुन्हा दाखल करून ती भरत नाही. ती भरते कुणीतरी शिकून, नोंद करून, धनजला येऊन बसलं की. तुम्ही ते करताय. त्यात तुमचं नुकसान दिसतंय खरं, कारण सगळी तपासणी तुमचीच. पण उद्या काही चुकलं तर पेशंटला तुम्हाला शोधता येईल. तुमचं नाव, नंबर, कौन्सिल, सगळं भिंतीवर आहे. त्याच्या पेशंटला ते करता येणार नाही. परवान्याचा सगळा अर्थ शेवटी एवढाच आहे.

आणि ऐकणाऱ्या बाकीच्यांना एकच काम सांगतो. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की नंबर लागेपर्यंत भिंतीकडे बघा. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, कौन्सिल कुठलं. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने आता क्यूआर कोड आणलाय, मोबाइल धरला की नोंदणी कळते. प्रमाणपत्र दिसत नसेल तर विचारा. "डॉक्टरसाहेब, तुमचं सर्टिफिकेट दिसत नाही?" असं साधं विचारा. खरा डॉक्टर रागावणार नाही.

धनजच्या ताईंच्या दवाखान्याची पाटी लागली की फोटो पाठवायला सांगितलंय. नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे, एवढी अट घातली आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.